नोकरी लागेल त्याचा फ्लेक्स

आमची वेबसाइट उद्घाटनाच्या दिवशीच बंद पडली, असं आमच्या नात्यात अजून सांगतात. साफ खोटं आहे. वेबसाइट ठणठणीत चालू होती. बंद पडला होता माऊस, कारण आप्पांनी फीत कापताना त्याची वायरही कापली.

आप्पा म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. पुण्याजवळचं सगळं पुनावळे त्यांना आप्पा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. जिथे त्यांचा ऊस उभा असायचा तिथे आता बारा मजली सोसायट्या उभ्या आहेत, आणि उरलेल्या तुकड्यावर आप्पांनी रस्त्याला तोंड करून गाळे काढलेत. त्यातल्या एका गाळ्यात मी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, असं आम्ही दोघांनी हे खूळ सुरू केलं. तो हिंजवडीतली चांगली आयटीतली नोकरी सोडून आला होता. मी चाकणला एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात बरीच वर्षं माणसं भरायचं काम केलं होतं. कुठल्या कंपनीला वेल्डर हवाय, कुठे फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर टिकत नाही, कुठल्या कँटीनचा आचारी पळून गेलाय, हे मला झोपेतही ठाऊक असायचं. आणि तरीही पोरं गेटोगेट हिंडत होती आणि कंपन्या माणसं नाहीत म्हणून रडत होत्या. दोघांची गाठ घालून देणारी मराठी वेबसाइट काढू, एवढी साधी कल्पना होती.

आप्पांना कल्पना पटली. वेबसाइट पटली नाही.

"व्हय, पन हाय कुठं ती?" ते विचारायचे.

"इंटरनेटवर, आप्पा."

"ते कळलं. पन मानूस येऊन बघंल कुठं?"

म्हणून मग मुहूर्त, गुरुजी, नारळ, पन्नास माणसांना पेढे आणि कॉम्प्युटरला आडवी बांधलेली लाल फीत. आप्पांनी हौसेने कात्री चालवली, टाळ्या पडल्या, आणि भाऊ मात्र तुटक्या वायरीचं टोक हातात धरून उभा राहिला. मी इतकी हसले की गुरुजींनी मला बाहेर जाऊन पाणी प्यायला सांगितलं.

पहिले काही आठवडे आमच्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. ओळखीच्या बळावर मी कंपन्यांकडून जागा आणत होते, पण अर्ज करायला कुणी नव्हतं. भावाच्या मित्रांनी नावं नोंदवली, तीही दयेपोटी. माझ्या आईने नोंदवलं. 'पद: गृहिणी. अनुभव: तीस वर्षे. अपेक्षा: रविवारी सुट्टी.' अर्ज वाचून मी तिला फोन केला, तर म्हणाली, मग काय, कुणी बोलावतंय का ते बघते. रोज संध्याकाळी आप्पा गाळ्यात डोकवायचे आणि डेअरीवर दुधाची चौकशी करावी तसं विचारायचे, "आज किती पडलं?" आम्ही माना खाली घालायचो.

मग पहिली नोकरी लागली. जालन्याकडची, आयटीआय झालेली, पुनावळ्यातच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी मुलगी. तिला चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर घेतलं. तिने फोनवर "ताई, झालं!" एवढंच म्हटलं, आणि मी आणि भाऊ गाळ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांभोवती अक्षरशः फेर धरून नाचलो. आमच्यामुळे एका माणसाला काम लागलं, या गोष्टीची एवढी झिंग चढेल असं मला वाटलं नव्हतं.

आप्पांची झिंग वेगळ्या वाटेने गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यावर येते तो समोर बांबूंवर सात बाय पाचचा फ्लेक्स. मध्यभागी ती मुलगी, मागे उगवता सूर्य, वर मोठ्या अक्षरांत 'आपल्या परिसराची शान', त्याखाली 'नोकरी लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि तळाला शुभेच्छुक म्हणून आम्ही सगळे. त्यात आप्पांचा गॉगलमधला फोटो त्या मुलीच्या फोटोपेक्षा काकणभर मोठाच होता.

आमच्याकडे फ्लेक्स कशाचे लागत नाहीत? भाऊंचा वाढदिवस, दादांची निवड, कुणाच्या बैलाने शर्यत मारली, कुणाच्या पोराने दहावी काढली. पण साध्या नोकरीचा फ्लेक्स मी जन्मात पाहिला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावाने कपाळाला हात लावला. "आप्पा, अहो आपण डिजिटल आहोत!"

"मंग ह्ये काय हाय?" आप्पा फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाले. "डिजिटलच छापलंय."

ती मुलगी संध्याकाळी आली, फ्लेक्ससमोर उभी राहिली, आणि तोंडावर ओढणी धरून रडायलाच लागली. मी माफी मागायला पुढे झाले. तिने मला बाजूला सारलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "नीट काढ फोटो, गावाला पाठवायचाय."

तिचा फोटो गावाला गेला, गावाहून पुण्याला आला, पुण्याहून भोसरी-मोशीला फिरला, आणि दोन दिवसांनी आमची वेबसाइट खरोखरच बंद पडली. इतक्या लोकांनी एकदम नावं नोंदवली की भावाला ती पुन्हा उठवायला दिवस लागला. तो वैतागून शिव्या घालत होता आणि मधूनच खुदकन हसत होता.

त्यानंतरचे महिने मला नीट क्रमाने आठवतच नाहीत, सगळा गोंधळ आणि सगळी मजा. अर्जाला पासपोर्ट फोटो जोडा, असं आम्ही लिहिलं होतं. लोक फेट्यातले फोटो जोडायला लागले. लग्नातले, बुलेटवरचे, धबधब्यापुढचे. फिटरच्या जागेसाठी एकाने घोड्यावर बसलेला फोटो पाठवला. पगार किती, शिफ्ट कुठली, यांच्या आधी प्रश्न यायचा, "फ्लेक्स कुठल्या चौकात लावणार?" एका सासूबाईंनी सुनेला घेऊन येऊन मला दम भरला, की हिला कामाला लावा, पण फ्लेक्सवर सासरचं आडनाव पाहिजे. एक गडी तर चांगल्या नोकरीत होता. तो म्हणाला, मॅडम, मी राजीनामा देतो, तुम्ही मला त्याच कंपनीत परत लावा.

कंपन्यांचेही फोन यायला लागले. कधी काळी ज्या साहेबांनी मला गेटवर तासभर उभं केलं होतं, तेच विचारायचे, आमच्या कंपनीचं नाव जरा ठळक येईल का? सकाळच्या कंपनी बस आमच्या गाळ्यापाशी हळू व्हायला लागल्या, कारण आज कोण लागलंय हे ड्रायव्हरलाही बघायचं असायचं. शेजारचा गाळा घेतला, तिथे दोन मुली फोनवर बसवल्या. मी दुपारी भेळ खाता खाता मुलाखती ठरवत होते आणि मला सारखं वाटत होतं, आपण काहीतरी चोरून मजा करतोय, आता कुणीतरी येऊन ओरडणार.

भावाने सोयीसाठी एक व्यवस्था करून ठेवली. एखाद्याची निवड झाली की त्याचा फोटो आणि माहिती थेट आप्पांच्या फोनवर जायची. मजकूर आप्पा स्वतः रचायचे आणि फ्लेक्स ज्याच्या त्याच्या घराजवळ लावून घ्यायचे. त्यात त्यांची प्रतिभा अशी काही बहरली की मावशी म्हणायची, लग्नात माझ्या नावाचा उखाणा घेताना घाम फुटला होता या माणसाला, आता बघा.

एका रविवारी सकाळी मी घरी, संत तुकाराम नगरात, केसांना तेल लावून बसले होते. फोन वाजला. आमच्याच मागच्या गल्लीत राहणारे काका. मूळचे लातूरकडचे, एका छोट्या कारखान्यात वीसेक वर्षं क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला होते. मी शाळेत असल्यापासून त्यांना ओळखत होते. आमच्या साइटवरून त्यांना चाकणला एका मोठ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये काम लागलंय, सोमवारी रुजू व्हायचंय, एवढं मला कालच कळलं होतं. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं.

"लेकरा," ते म्हणाले, "आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं ते फ्लेक्स खाली घे. तुजी काकू गावाकडनं निघालीय. दुपारपर्यंत पोचंल."

"काका, अहो लाजताय काय? आनंदाचंच आहे."

"तिला ठाऊक न्हाई."

"नोकरी लागल्याचं?"

"गेल्याचं," काका म्हणाले.

मी तशीच, तेलकट डोक्याने, कोपऱ्यावर धावले. काका तिथे फ्लेक्सकडे पाठ करून उभे होते. वर पांढऱ्या शर्टातले काका हसत होते, आणि त्यांच्या डोक्यावर आप्पांनी लिहिलं होतं:

'तब्बल पाच महिन्यांच्या खडतर बेकारीला धूळ चारून
चाकण येथे स्टोअर विभागात दिमाखात रुजू होत असल्याबद्दल
हार्दिक अभिनंदन!'

दिवाळीनंतर त्यांचा कारखाना बंद झाला होता. अर्जात त्यांनी ते खरं लिहिलं होतं, कारण अर्जात खोटं कसं लिहायचं? घरी मात्र बोलले नव्हते. रोज सकाळी नेहमीच्या वेळेला निघायचे आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला परतायचे. कंपनीने निरोप देताना जे हातावर ठेवलं, त्यातून महिन्याच्या महिन्याला पगार म्हणून घरात देत होते. आता नोकरी लागली होती. सोमवारी कामावर जायचं, कंपनी बदलली म्हणून सांगायचं, आणि मधले महिने कुणाच्याही नकळत पुसून टाकायचे, एवढंच त्यांना हवं होतं. काकू रिक्षातून इथेच उतरणार होत्या.

मी आप्पांना फोन लावला. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "वाचलंस का? धूळ चारून! काल दिसभर सुचत न्हवतं."

सगळं ऐकल्यावर ते गाडी काढून अर्ध्या तासात आले, सोबत शिडी आणि फ्लेक्सवाला. पण उतरवायला तयार होईनात. लावलेला फ्लेक्स उतरवायचा म्हणजे माणसाला खाली खेचल्यासारखं, हे त्यांचं जुनं मत. "खाली कशापायी घ्यायचा? तेवढी एक ओळ झाकू की." आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी मजकूर सांगितला. फ्लेक्सवाला दुकान उघडून पट्टी छापून घेऊन आला. 'उज्ज्वल कारकिर्दीत आणखी एक मानाचा तुरा!'

काकांनी ती पट्टी दोनदा वाचली. "खोटं तर न्हाई ना ह्यात काई?"

"खोटं कसलं? तुरा हाय का न्हाई?" आप्पा म्हणाले.

पण फ्लेक्स लागला तेव्हा जेवढे लोक थांबले नव्हते तेवढे पट्टी चिकटवताना थांबले. कुणी शिडी धरली, कुणी डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या करत राहिलं, कुणी चहा आणला. पट्टीखाली काय आहे, हे विचारल्याशिवाय एकही जण हलला नाही. ज्याला माहीत नव्हतं त्यालाही आता माहीत झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग आप्पांनी सगळ्यांना शपथा घातल्या, आणि अख्खी गल्ली एका गुपिताची मालकीण होऊन तिथेच रेंगाळत राहिली. खरं सांगते, मला पोटातून हसू फुटत होतं. रविवारची सकाळ, तीस-चाळीस माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकदम साळसूद भाव. आपण जिंकलो असंच मला वाटत होतं.

रिक्षा आली. काकू आधी ज्वारीची पिशवी घेऊन उतरल्या, मग त्यांचं लक्ष वर गेलं.

"अगं बया! हे तर आमचंच मानूस!"

काका पुढे झाले. पिशवी घेत म्हणाले, "कंपनी बदलली. चाकणला लागलोय, उद्यापास्नं."

"आन मला बोलला न्हाईत?" काकूंनी पदर सावरला, फ्लेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मी तो अजून विसरलेले नाही. त्या आमच्याकडे, सगळ्या गर्दीकडे वळल्या. "तुरा मिळनारच की वो. वीस वर्सांत एक दिस घरी बसला न्हाई ह्यो मानूस. ताप असला तरी गेला. लोकांची मानसं नोकऱ्या घालवून बसत्यात, हे बगा, एक दिस न्हाई."

जो तो आपापल्या चपलांकडे बघायला लागला. चहावाल्यानेही मान खाली घातली. काकूंच्या लक्षात येईना की एवढे सगळे गप्प का झाले. त्या हसतच एकेकाकडे बघत होत्या, आणि गल्लीत त्या एकट्याच अशा होत्या की ज्यांना माहीत नव्हतं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

काकांनी पिशवी खाली ठेवली. शिडी अजून तिथेच टेकलेली होती. ते चढले, पट्टीचं टोक नखाने उचललं आणि ओढलं. ती मध्येच फाटली, मग उरलेली दुसऱ्या हाताने काढली. आणि खाली न बघता म्हणाले, "हे खरं हाय. वाच."

काकूंनी वाचलं. मी त्यांच्या शेजारीच होते. मला वाटलं, आता या ओरडतील, नाहीतर पिशवी उचलून एकट्या घरी चालायला लागतील.

"पाच म्हैने?"

"व्हय."

"रोज सकाळी निघत व्हता की."

"निघत व्हतो."

काकूंनी खाली ठेवलेली पिशवी जवळ ओढली. मग विचारलं, "मंग डबा कुठं बसून खाल्ला?"

काका शिडीवर तसेच उभे. "चाकणला. कांद्याच्या बाजारापाशी ट्रक उभे असत्यात. त्येंच्या सावलीला."

"एकलेच?"

"एकलाच."

"गार झाल्याला?"

काकांनी मान हलवली.

"मला सांगितलं असतं," काकू म्हणाल्या, आणि आता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, "तर घरीच गरम वाढलं असतं की मी."

काका खाली उतरले. गल्लीतल्या बायका डोळे पुसत होत्या, मीही पुसत होते, आणि सगळ्यांत मोठ्याने नाक शिंकरलं ते आप्पांनी. ते पुढे आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, "वहिनी, आत्ता उतरवतो फ्लेक्स."

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "आता समद्यांनी वाचलंय." मग फ्लेक्सकडे पुन्हा एकदा बघून पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "पर शर्ट कोन्ता घातलाय ह्यांनी? इस्त्री न्हाई काई न्हाई." तेव्हा कुठे माणसांना कंठ फुटला, चहावाल्याने पुन्हा चहा टाकला, आणि त्या दिवशी त्या कोपऱ्यावर जेवढे हसलो तेवढे आम्ही उद्घाटनालाही हसलो नव्हतो.

त्या संध्याकाळी भावाने अर्जात एक नवीन प्रश्न घातला, 'फ्लेक्स लावायचा का?' खाली दोन उत्तरं दिली होती, हो आणि नाही. आठवड्याभरात त्याला तिसरं घालावं लागलं, कारण लोक फोन करून तेच सांगत होते. 'घरी सांगून मग कळवतो.' तेच उत्तर सगळ्यांत जास्त येतं. आलं की आप्पा त्या माणसाला स्वतः फोन करतात. काय बोलतात ते आम्हाला ऐकू देत नाहीत, गाळ्याच्या बाहेर जाऊन बोलतात.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी मुद्दाम लवकर उठून कोपऱ्यावर गेले. काका कडक इस्त्रीच्या शर्टात उभे होते आणि शेजारी काकू. चाकणची कंपनी बस आली, काका चढले. काकूंनी दाराच्या दांडीला हात घातला आणि ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, ह्ये कंपनीतच जानार ना?"

"डायरेक्ट गेटच्या आत, काकू."

"आन सांजच्याला?"

"इथंच आणून सोडणार."

काकांनी आतून मान खाली घातली होती. बसमधले सगळे ऐकत होते. काकूंनी त्यांच्याकडे एकवार बघितलं. "जा मंग," त्या म्हणाल्या, आणि बसचं दार स्वतःच्या हाताने लोटून लावलं.